मी वाजलोच नव्हतो

मी एक जुना डफ आहे. गावातले लोक मला डफडं म्हणतात, खुशाल म्हणोत. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी तुमची दया मागायला बसलेलो नाही. माझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं होतं. ते उघडं कसं पडलं, एवढंच मला सांगायचं आहे.

माझं गाव वर्धा शहराच्या कडेला, बोरगाव मेघेच्या पुढे. ग्रामपंचायतीचा चपराशी तानबा, त्याच्या वडिलांनी मला घडवलं. लाकडाचं कडं, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं आणि वाजवायला दोन काड्या. थंडीत माझा आवाज बसला की ते मला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर शेकत. मग मी असा कडाडायचो की बाया तव्यावरची भाकर सोडून दारात यायच्या. नळ किती वाजता येणार, लसीकरण कुठे, ग्रामसभा कधी, अशी प्रत्येक मुनादी, म्हणजे दवंडी, आधी मी द्यायचो आणि मग माणूस. "डफडं वाजलं ना? मंग खरं हाये," असं लोक म्हणत. याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही आणि मी ती मागितलीही नाही.

वडिलांनंतर मी तानबाच्या गळ्यात आलो. पुढे ग्रामपंचायतीचा मोबाइलवर ग्रुप निघाला आणि माझी रवानगी ऑफिसातल्या खिळ्यावर झाली. गेल्या दिवाळीत उंदरांनी मला कुरतडलं. मधोमध तळहात जाईल एवढं भोक पडलं. तानबाने नवं कातडं मागितलं, तर सरपंच अण्णाजी म्हणाले की ग्रुप आहे ना, आता ह्याचं काय काम. मला वाईट वाटलं. लपवू कशाला, फार वाईट वाटलं.

गावाच्या उत्तरेला सरकारी पडीक जमिनीवर तेरा घरांची टोली आहे, चाळीस वर्षांपासूनची. त्यातलं पहिलं घर भागाबाईचं. टोलीच्या मागच्या शेतात प्लॉट पाडून एक लेआउट पडला आणि त्याला डांबरी रोडपर्यंत यायला वाट हवी होती. जानेवारीत ग्रामसभेने ठराव केला की सदर जागा मोकळी असून तीस फुटी रस्त्यास हरकत नाही. मोकळी म्हणे! तेरा चुली पेटतात तिथे. टोलीतलं कुणीही त्या ग्रुपमध्ये नव्हतं, म्हणून सभेला तिथून एकही माणूस आला नाही. त्यांना कळलं ते जमिनीवर चुन्याच्या रेघा पडल्यावर. एक रेघ भागाबाईच्या उंबऱ्यावरून थेट तिच्या चुलीपर्यंत गेली होती. तिचं घर जाणार, हे तिला त्या रेघेने सांगितलं.

तिने तक्रार केली. पंचायत समितीचे साहेब चौकशीला आले, रजिस्टर उघडलं आणि मोठ्याने वाचू लागले, "ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी डफ वाजवून देण्यात आली." खाली तानबाची सही. खिळ्यावरून मी ते ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वाजलो? कधी? भागाबाई म्हणत होती की टोलीत कुणाच्याच कानावर काही आलं नाही. अण्णाजी शांतपणे म्हणाले की ही माणसं दिवसभर मजुरीवर असतात, त्यांना ऐकू आलं नसेल.

भागाबाई उठली. कुणाला न विचारता तिने मला खिळ्यावरून काढलं आणि साहेबांच्या पुढ्यात, उघड्या रजिस्टरवर ठेवलं. माझ्या भोकातून खालची अक्षरं दिसत होती.

"तानबाभाऊ, जसं तवा वाजवलं, तसंच आता वाजवून दाखव," ती म्हणाली.

तानबाची नोकरी अण्णाजींच्या हातात होती. तरी तो पुढे आला, त्याने काडी उचलली आणि मारली. नुसतं फट् झालं. शेजारच्या खोलीतही ते गेलं नसेल.

"सायेब, सही माही हाये," तो म्हणाला. "अण्णाजीनं सांगतलं, मी केली. पन हे डफडं दिवाळीपासून फाटेल हाये. मुनादी देल्लीच नाई."

मित्रांनो, मी आयुष्यभर खणखणीत वाजलो, पण त्या फाटक्या आवाजाचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा दुसऱ्या कशाचा नाही.

साहेबांनी ठराव थांबवला आणि सभा नव्याने घ्यायला सांगितली. तानबाला लेखी खुलासा द्यावा लागला. अण्णाजी त्याच्याशी अजून बोलत नाहीत. नवं कातडं टोलीने आणलं, तानबाने चढवलं, आणि सभेच्या सात दिवस आधी पहिली काडी पडली ती भागाबाईच्या दारात. टोलीतली माणसं झाडून सभेला आली आणि त्यांनी हात वर करून रस्ता नाकारला. एरवी सभेला मोजकीच माणसं येतात, म्हणून टोलीचेच हात जास्त भरले आणि ठराव नामंजूर झाला. अण्णाजी म्हणतात, पुढच्या सभेत पुन्हा आणू. आणा की. आधी मला वाजवा, मग आणा.

जुन्या वस्तूंची निगा राखा, असं माझ्या वयाच्या वस्तूंनी म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. मला उंदीर खाऊ देत, मी वाळून तडकलो तरी चालेल. फक्त मी गप्प असताना मी बोललो असं लिहू नका. आणि कुणी लिहिलंच, तर तक्रार करून घरी बसू नका. या, मला उचला आणि त्यांच्यासमोर वाजवायला सांगा.