जुन्या डिस्कची म्होरकी

लॅपटॉपच्या पडद्यावर गोल चक्र फिरत होतं. फिरतच होतं. भोरच्या एसटी स्टँडसमोरच्या आपल्या छोट्या दुकानात हनुमंत त्या चक्राकडे बघत पाय हलवत बसला होता.

ऑनलाइन अर्ज भरून देणारं असं दुकान तुमच्याही गावात असेल. तिथला बाकही तुमच्या ओळखीचा असेल. माणसं मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून त्यावर बसतात. पिशवीत आधार कार्ड, पासबुक, दाखले, म्हणजे त्यांचं सगळं आयुष्यच घडी घालून ठेवलेलं असतं.

"सर्व्हर डाऊन हाय," वर न बघताच हनुमंतानं नेहमीचं कारण सांगितलं.

"सकाळधरनं झोपलाच हाय व्हय तुमचा सर्व्हर?" वेल्ह्याकडून आलेले रखमाजी म्हणाले. "उठवा की त्याला. माझी एस्टी जाईल."

बाकावर हशा पिकला. हनुमंताला मात्र झोंबलं. "एवढी घाई असंल तर पुण्याला जावा!" तो ओरडला आणि टेबलावर हात आपटून उठला. रस्त्यावर गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला. चक्र फिरतच होतं.

त्याच दुपारी दुकान बंद करून, लॅपटॉप पाठीला लावून तो मोटरसायकलवरून कापूरहोळला सम्राटकडे गेला. सम्राट हायवेलगत मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"हे डबडं घे आणि नवा लॅपटॉप दाखव," हनुमंत म्हणाला.

सम्राटनं मागचं झाकण उघडलं. "भाऊ, बाकी सगळं ठणठणीत हाय. थकली ती फक्त ही हार्डडिस्क. हिच्या पोटात तबकडी फिरती. एकेक कागद शोधायला तिला गरगरा फिरावं लागतं. हिच्या जागी एसएसडी बसवू. त्यात फिरणारं काहीच न्हाई. बटण दाबलं की कागद समोर."

"मग लाव की. किती वेळ?"

"लावायला वेळ न्हाई लागत. जुन्यातलं सगळं नव्यात उतरवायला संध्याकाळ होईल. आणि मग जुनी नीट पुसून देतो."

"संध्याकाळ? माझी माणसं खोळंबलीत! जुना कचरा नको मला. नवी डिस्क कोरीच लावून दे."

"पण भाऊ, त्यात लोकांची..."

"दे म्हणतो ना!"

सम्राटनं जुन्या डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून 'हनुमंत, भोर' असं लिहिलं आणि ती त्याच्या हातात दिली. "ही कुणाला देऊ नका बरं," तो म्हणाला. तोवर हनुमंतानं मोटरसायकलला किक मारली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात आनंदीआनंद! बटण दाबलं की पडदा उजळे. बाकावरची माणसं बसायच्या आत मोकळी होऊ लागली. हनुमंत शीळ घालत होता. समोरून गेनू भंगारवाल्याचा टेम्पो ओरडत गेला, तेव्हा त्यानं तुटका माऊस, जुन्या वायरी आणि ती डिस्क एका खोक्यात टाकून देऊन टाकली. टेबल कसं स्वच्छ झालं!

आठवडा सरला आणि अक्काबाई आल्या. पदर खोचलेला, हातात काठी. भोरमधल्या निम्म्या घरांत त्यांनी बाळंतपणं निभावली होती. खुद्द हनुमंताला पहिली आंघोळ त्यांनीच घातलेली.

"हनुमंता, गेल्या साली माझी कागदं तू मशिनीत घेतलीस. मालकांच्या मृत्यूचा दाखला उंदरांनी खाल्ला बघ. तेवढा छापून दे. पेन्शनसाठी परत मागितलाय."

"अक्का, ते जुन्या डिस्कमदी होतं. ती भंगारात गेली. नवा दाखला काढा, मी अर्ज भरतो."

अक्काबाई बाकावर टेकल्या. "दाखला काढीन मी. पण माझा फोटो, पासबुक, कागदावरचा अंगठा? ते बी भंगारात?"

हनुमंत हसला. "अक्का, लोखंडाचं डबडं ते! त्यात कोण बघतंय?"

"तू बघत हुतास की."

तेवढ्यात हनुमंताची मुलगी वैष्णवी जेवणाचा डबा घेऊन आत आली. बारावीची हुशार पोर. तिनं शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"पप्पा, जुनी डिस्क भंगारात दिली? अहो, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की सगळं दिसतं! माझा फोटो, मोबाईल नंबर, घरचा पत्ता... कॉलेजचा फॉर्म मी त्यावरच भरला होता ना!"

हनुमंत ताडकन उठला. मोटरसायकलची किल्ली शोधायला लागला. ड्रॉवर उघडला, बंद केला. किल्ली त्याच्या हातातच होती.

"थांब," अक्काबाई म्हणाल्या. "माझं नाव निघालं तवा तू हसलास. लेकीचं नाव निघालं तवा उठलास. आमी काय कुणाच्या लेकी न्हाई व्हय रे?"

हनुमंताची मान खाली गेली.

"तुझा बा आनंदराव," अक्काबाई सांगू लागल्या, "त्यानं बाजारात बैल विकला तवा मी तिथं हुते. घेणारा घाई करत हुता. टेम्पो चालू ठेवला हुता त्यानं. पण आनंदरावानं बैलाच्या तोंडाला बांधलेली दोरीची म्होरकी सोडल्याबिगर जनावर हाती दिलं न्हाई. गाठ बसली हुती. नखं दुखली त्याची, पण सोडली. जनावर दिलं, म्होरकी घरी आणली. आपल्या दावणीची खूण दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, एवढीच रीत. आणि तू? सगळ्या गावाची म्होरकी देऊन बसलास, तीबी आमची, आमाला न इचारता!"

"अक्का, चुकलं माझं," हनुमंत पुटपुटला.

"मला कशाला सांगतोस? जा, शोध."

कापूरहोळच्या रस्त्यावर गेनूचं पत्र्याचं गोडाऊन होतं. तिथं पोचेपर्यंत हनुमंताच्या डोक्यात एकच विचार गरगरत होता. कुणाकुणाची कागदं होती त्यात? रखमाजींचं बँक खातं. विधवा बायांचे अर्ज. शाळेतल्या पोरींचे फोटो. एक आठवलं की त्यामागून दुसरं आठवे.

"डिस्क व्हय?" गेनूनं कोपऱ्यातलं पोतं दाखवलं. "त्या वेगळ्या ठेवतो मी. पुण्याचा एक जण येऊन तेवढ्याच उचलतो. आज यायचाय."

"तो कशाला घेतो त्या?"

"म्या कधी इचारलं न्हाई. तुमी तरी देताना कुठं इचारलं?"

हनुमंतानं पोतं जमिनीवर ओतलं आणि गुडघे टेकून तो शोधू लागला. एका डिस्कवर लिहिलं होतं 'दवाखाना'. एकीवर 'शाळा ऑफिस'. एकीवर एका वकिलाचं नाव. त्याचे हात थांबले. अरे देवा! एकटा तोच नव्हता. शिकलीसवरलेली माणसं, कुलूप लावून कपाट जपणारी माणसं, सगळ्यांनीच दुसऱ्यांची गुपितं वायरींबरोबर खोक्यात टाकून दिली होती. कुणाचा आजार, कुणाच्या भावकीचा खटला, कुणाच्या लेकराचे मार्क. सगळं या धुळीत.

ढिगाच्या तळाशी पांढरी पट्टी दिसली. 'हनुमंत, भोर'. त्यानं डिस्क उचलून छातीशी धरली. बाहेर एक टेम्पो येऊन थांबला आणि हॉर्न वाजला.

"गेनूभाऊ, हे सगळं पोतं मला दे," हनुमंत घाईनं म्हणाला.

"सगळं? तुमचं एकच हाय की त्यात."

"बाकीच्यांचंबी कुणीतरी असंल ना रे."

गेनू बाहेर जाऊन ओरडला, "आज माल न्हाई, पावणं! जावा!"

तिथून हनुमंत थेट सम्राटकडे गेला. "आता संध्याकाळ होऊ दे, न्हाईतर रात्र," तो म्हणाला, "मी बसतो." आणि खरंच बसला. पाय हलत होताच, पण माणूस जागचा हलला नाही. अक्काबाईंचा दाखला आणि बाकीच्या लोकांची कागदं नव्या डिस्कवर घेतली. मग जुनी डिस्क पुसायला लावली. सम्राटनं समजावलं, "नुसतं डिलीट केलं म्हंजे फळ्यावरचं नाव झाकल्यासारखं असतं. त्यावर दुसरं लिहून काढलं की मगच जुनं जातं." शेवटी त्यानं ड्रिल घेऊन डिस्कला आरपार भोक पाडलं. बाकीच्या डिस्क ज्यांच्या होत्या, त्यांना हनुमंतानं स्वतः फोन लावले. दोघं खजील झाले, एक जण चिडला, पण नेल्या सगळ्यांनी.

पुढच्या बाजारी अक्काबाई आल्या. हनुमंतानं दाखला छापून त्यांच्या हातात दिला. मग लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"अक्का, आता ही तुमची कागदं. ठेवू का पुसू? तुमी सांगाल तसं."

"पूस बाबा," त्या म्हणाल्या. "लागली तर मी परत घेऊन यीन की."

त्यानं पुसली, त्यांच्यासमोर. मग रखमाजींना विचारलं. रांग जरा लांबली. कुणी कुरकुरलं नाही. रखमाजी एवढंच म्हणाले, "आता सर्व्हर जागा झालाय, मालक!"

तुम्ही कधी त्या दुकानात गेलात तर भिंतीकडे बघा. तिथं एका खुंटीला आनंदरावांनी घरी आणलेली म्होरकी टांगली आहे, आणि तिच्या शेजारी भोक पाडलेली एक डिस्क.

मंडळी, जुनं यंत्र फेकून न देता त्याला नवा जीव द्या, ते शहाणपणाचं आहे. मोबाईल बदलाल, लॅपटॉप बदलाल, खुशाल बदला. पण जुनं हातातून सोडण्याआधी थोडं थांबा. त्यात आपल्या भरवशावर कुणी काय ठेवलं आहे, ते आठवा आणि स्वतःच्या हातानं पुसा. घाई आपली असते. विश्वास मात्र दुसऱ्याचा असतो, आणि दुसऱ्याची वस्तू भंगारात द्यायचा अधिकार आपल्याला कुणीच दिलेला नाही!