पडद्याखालचे बूट

तीन दिवस झाले, पण सुनेने सासूच्या पायाला बोट म्हणून लावलं नव्हतं. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर ना ती! सकाळी सातला फळ्यापाशी उभी राहायची, कोणी कोणती खाट बघायची ते वाटून द्यायची आणि मग दिवसभर वही घेऊन हिंडायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं म्हातारीचं स्वच्छ मत होतं.

म्हातारी सात नंबरच्या खाटेवर होती. डाव्या अंगठ्याला चप्पल चावली, अंगात साखर, जखम चिघळली. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, पू वर चढला तर पाय काढावा लागेल. जन्मात कुणाच्या खांद्यावर हात न ठेवलेल्या बाईला ते ऐकून घाम फुटला. तो तिने चादरीच्या टोकाला पुसला आणि कुणाला दिसू दिला नाही.

आणि असला पाय सुनेने कुणाच्या हाती दिला? चष्मेवालीच्या! नर्स होऊन महिना झाला नव्हता. चिमट्याने कापूस उचलायचा तर कापसाआधी चिमटाच थरथरायचा.

“वचपा काढतेय,” म्हातारी शेजारच्या खाटेवरच्या शिंपिणीला म्हणाली. “बारा वर्षं ओट्यापाशी तिला एक काम धड करू दिलं नाही मी. आता दुसऱ्याच्या हाताने साप मारतेय.”

“तेव्हा तुम्ही करू दिलं नाही, आता ती करत नाही. मग रडणं कशाचं?”

“तू शिवणारी ना? मग उसवतेस कशाला?”

शिंपीण हसली, पण म्हातारीच्या मनातली पाल काही चुकचुकायची थांबेना. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग चालू असताना तिला पडद्याखाली पांढरे बूट दिसले होते. डाव्या बुटाची नाडी तपकिरी. घरी पांढरी तुटली म्हणून सुनेने नवऱ्याच्या बुटाची काढून घातलेली, म्हातारीसमोरच. म्हणजे बाईसाहेब पडद्यामागे कान लावून उभ्या होत्या! शेवटची पट्टी बसेपर्यंत बूट हलले नाहीत, मग चोरपावलांनी गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तर कहर झाला. फळ्यापाशी सून चष्मेवालीच्या कानाशी काहीतरी बोलली. चष्मेवालीने ते बोटं मोजत परत म्हणून दाखवलं. सुनेने मान हलवली आणि दोघींनी एकदमच सात नंबरकडे पाहिलं.

म्हातारीने चादर पायावर ओढून घेतली. ठरलं वाटतं. पाय कापायचं ठरलं, आणि सांगायला पुढे करणार त्या कोवळ्या पोरीला.

त्यात पहाटेपासून पोटरीत कळा येत होत्या. एकदा थंडीही वाजून गेली होती. पण म्हातारी दातावर दात धरून पडली होती. सांगेन तर सुनेलाच. मोठी अधिकारी ना, येऊ दे स्वतः विचारायला.

चष्मेवाली आली, पडदा ओढला. “आजी, काही त्रास?”

“काही नाही.”

रोज एवढ्यावर पोरगी पट्टी सोडायला घ्यायची. आज तिने चिमटा उचललाच नाही. चादर गुडघ्यापर्यंत सारली आणि उलटा हात गुडघ्यापासून हळूहळू खाली आणला. पोटरीच्या मध्यावर हात थांबला.

“इथे गरम आहे. लालही आहे.” तिने खिशातलं पेन काढून लाली संपत होती तिथे रेघ मारली. “थंडी वाजली होती का, आजी? खरं सांगा.”

“...पहाटे.”

म्हातारीने पडद्याखाली पाहिलं. बूट नव्हते, सून वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला नव्या रुग्णापाशी होती. पेन धरलेला हात मात्र आज दगडासारखा स्थिर होता.

पोरीच्या हाकेला सून धावत आली. पायाकडे वळण्याआधी चष्मेवालीला म्हणाली, “काय दिसलं?” पोरीने सांगितलं. मग सुनेने पाय पाहिला, रेघ पाहिली. “बरोबर. डॉक्टरांना कोण सांगणार?”

“मी?”

“मग उभी का?”

“अगं, तू कर की फोन!” म्हातारी ओरडली. “पाय माझा आहे!”

“जिने पाहिलं तिला नीट सांगता येईल, आई.” सुनेचा आवाज शांत होता. तिने रेघेपाशी वेळ लिहिली.

पाव तासात डॉक्टर आले, तासाभरात पाय आतून साफ झाला. “संध्याकाळपर्यंत राहिला असता तर गेलाच होता,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीने आधी पाचही बोटं हलवून पाहिली आणि मग ड्युटी संपवून आलेल्या सुनेला स्टुलावर बसवलं.

“फळ्यापाशी काय शिजत होतं?”

“तिला सांगत होते, सात नंबर ‘काही नाही’ म्हणाल्या तर खरं धरू नकोस. गुडघ्यापासून खाली हात लावून बघ. बारा वर्षं ऐकतेय तुमचं ‘काही नाही’.”

“मग तूच का नाही लावलास हात?”

“तुम्ही ‘हळू गं’ म्हणाला असता आणि मी हळू केलं असतं. जखम साफ झाली नसती.” सून खाली बघत म्हणाली. “आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी तुमचा पाय कुणी बघायचा?”

शिंपीण उगाच खोकली. म्हातारीने तिच्याकडे डोळे वटारले आणि सुनेकडे वळली.

“आता माझं ऐक. कामचुकार नाहीस तू, एवढं कबूल. लबाड मात्र आहेस. माझं बिंग त्या पोरीपाशी फोडलंस. बरं केलंस, म्हणून दोन पायांवर घरी येतेय. पण अजून अर्धीच शिकलीस. काम दिलंस ना तिला? मग पडद्यामागे कशाला उभी राहतेस? तुझे बूट दिसले की तिचा चिमटा थरथरतो. ओट्यापाशी मी मागे उभी असले की तुझ्या हातून भांडं पडायचं, विसरलीस? उद्या तिला एकटीला पाठव. आणि ती तपकिरी नाडी बदल, इन्चार्ज ना तू!”