कोंडाजीच्या गुडघ्यातला पीळ

मी कोंडाजीच्या गुडघ्यावरल्या जुन्या वणातून बोलतोय, राव. हसू नका. शिकलेली माणसं मला कोलॅजेन म्हणतात. नाव भारी, काम दोर वळणाऱ्याचं. तीन धागे एकमेकांभोवती पिळायचे आणि माणूस उसवू द्यायचा नाही. कातडी, हाडं, हिरड्या, सगळीकडं माझीच शिवण. पहिलवान मिशीला पीळ देत हिंडतो, त्याला काय ठाऊक खरा पीळ कुठाय!

निघोज्यात सात वर्षांचा कोंडाजी बैलगाडीवरून पडला, गुडघा फुटला, तेव्हाचा माझा जन्म. पंधरवड्यात फट बुजवली. मग वीस वर्षं मधूनच खाज सुटवून त्याची गंमत बघत बसलो.

सत्तावन्न साली तो पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर लागला. तिथं पत्र्यानं नडगी चिरली. म्हटलं, असल्या चिरा आपण किती मिटवल्या!

पण घरात त्याची आई, गोजाबाई. जखमेला आंबट वैरी, ही तिची पक्की समजूत. लिंबू, चिंच, आवळा बंद. हिरवी मिरची अन् पालेभाजीसुद्धा. चार महिने दूधभात आणि कोरडी भाकर.

अहो, आंबटहिरव्यातलं सत्त्व नसेल तर मला पीळच बसत नाही. धागे निघायचे, वळायला घेतले की सुटायचे. जखम मिटल्यासारखी व्हायची, कोंडाजी उभा राहिला की उसवायची. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तशी म्हातारीनं पथ्य आणखी आवळलं.

चाकणच्या डॉक्टरांनी सुया टोचल्या. पू गेला, फट तशीच. पथ्य पाळता ना, असं त्यांनी विचारलं. लई कडक, म्हणाली ती, मान ताठ करून. डॉक्टर खूश. मी कपाळ बडवून घेतलं. तेही माझ्याच शिवणीचं. जाताना डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत मिटली नाही, तर पुण्याला नेऊन पाय कापावा लागेल.

काल शेजारच्या शालनबाईनं ओंजळभर आवळे आणले. कोंडाजीनं एक उचलला.

"आये, निस्ता चाखतो. तोंडाला चवच न्हाई."

गोजाबाईनं त्याचं मनगट धरलं. "तुला माझ्या गळ्याची आण हाय. पाय जाईल रं, बाबा."

एवढा दगड फोडणारा गडी, पण आवळा मुकाट खाली ठेवला.

मी एकदा वळला आणि जन्मभर टिकला, असा दोर नव्हे. जुना झिजतो, रोज नवा घालावा लागतो. आता घालायला नवा नाही. आज सकाळी गुडघ्यावरचा माझा वण कडेनं उकलला. गोजाबाई त्यावर हळद दाबून बसलीय, डोळे पुसतेय, अन् तिच्या बोटांखाली मी पदर पदर सुटतोय.

गोजाबाई, आवळे अजून उंबऱ्याशी पडलेत. आण मोड. एक फोड त्याच्या तोंडात घाल. आण मोडल्याचं पाप लागलंच, तर मला लागू दे.