घडी मोडणे

दिनांक १० फेब्रुवारी २०२४, शनिवार, सकाळी अकरा वाजता, मिशिगन राज्यातील ॲन आर्बर गावी, निवृत्त अभियंते हेमचंद्र यांनी आपल्या जेवणाच्या टेबलावर एका डच विणकराशी वाद मांडला होता.

विणकराला जाऊन साडेतीनशे वर्षे लोटली होती. त्याचे छापचित्र तेवढे उरले होते. कन्या रीमा काम करी त्या संग्रहालयात अशा कारागिरांच्या जुन्या छापचित्रांचे प्रदर्शन भरायचे होते. घड्याळजी, शिंपी, काच फुंकणारा. प्रत्येकाच्या धंद्याखाली मरणाविषयी दोन ओळींचा उपदेश. त्या ओळींचे मराठी भाषांतर हेमचंद्रांनी हौसेने अंगावर घेतले होते. खरे म्हणजे त्यांना सोमवारचा विचार टाळायचा होता. स्वतःच्या केमोच्या तिसऱ्या फेरीला होकार की नकार, हे त्यांच्या पत्नी वसुधाबाईंनी सोमवारी डॉक्टरांना कळवायचे होते, आणि हेमचंद्रांनी होकार परस्पर गृहीत धरला होता.

"'सणासाठी ठेविल्या वस्त्राची घडी जप, कसर टपली आहे,'" त्यांनी वाचून दाखवले. "घडी कापडाची आणि घडी काळाची. श्लेष साधला की नाही?"

"बाबा, सॉरी, पण 'जप' ओरिजिनलमध्ये नाहीच आहे," रीमा म्हणाली. "फक्त एवढंच आहे की तू सणासाठी वेट केलंस, किड्यांनी नाही केलं."

"तात्पर्य तेच. जपणे."

खिडकीशी शाल पांघरून बसलेल्या वसुधाबाई हसल्या. "अहो, इतकी वर्षं बायकोच्या साड्या पाहिल्यात ना? नव्या साडीची घडी जपतात की मोडतात?"

हेमचंद्रांनी पेन उचलले आणि तसेच खाली ठेवले. "'मोड' लिहायला अशुभ वाटतं," ते पुटपुटले.

वसुधाबाई सावकाश उठल्या आणि कपाटातली अंजिरी नारायणपेठ घेऊन आल्या. रीमाच्या लग्नासाठी म्हणून नऊ वर्षे ठेवलेली. रीमाने लग्न कोर्टात, जीन्सवर उरकले होते. त्यांनी साडी उलगडली. घडीच्या प्रत्येक रेषेवर रेशीम चिरले होते.

"कसरीला यायचं कारणच पडलं नाही," त्या म्हणाल्या. "नुसत्या ठेवण्यानंच गेली."

"तिसऱ्या फेरीने सहा महिने वाढतील, वसुधा. डॉक्टर स्वतः म्हणाले."

"पलंगावरचे."

"पण वाढतील ना!" त्यांचा आवाज चिरकला. रीमा मान खाली घालून चित्राकडे पाहत राहिली.

वसुधाबाईंनी ती चिरलेली साडी शालीवरूनच खांद्यावर घेतली.

"सोमवारी मी नाही म्हणणार आहे."