तेल लावलेला पाट आणि तीन मजली केक

केक पडला असता तर हेमराजला एक अख्खी खोली मिळणार होती. दहा बाय बाराची, रस्त्याकडे दार असलेली, पावसाळ्यात न गळणारी. एवढा फायदा समोर दिसत असलेला माणूसच तो केक आपल्या गाडीतून न्यायला तयार झाला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट आहे. वर्ध्याच्या एका सुताराने मला अनुसयाबाईंच्या लग्नासाठी घडवले. नवरा-नवरी शेजारी शेजारी बसतील एवढा मी रुंद. पुढे त्या घरातली बारशी, साखरपुडे, लग्ने माझ्यावरच पार पडली. माणूस बसला की त्याचा स्वभाव मला कळतो. नवा जावई कडेला टेकतो, व्याही ऐसपैस पसरतात, आणि मनात काही शिजत असलेला माणूस एकाच बाजूला भार देतो. पुढे घरात खुर्च्या आल्या. मी कपाटामागे कोळिष्टकांत उभा राहिलो.

मला बाहेर काढले ते सूनबाई समीक्षाने. समोरच्या खोलीत ती केक बनवते. तिचा दीर हेमराज बी-बियाणे विकतो, त्याला तीच खोली पोती ठेवायला हवी होती. समीक्षाला गिरड गावच्या एका लग्नाच्या केकचे काम आले, तेव्हा दोघांची रोजची कुरकुर ऐकून सासूबाईंनी, म्हणजे अनुसयाबाईंनी, निकाल देऊन टाकला.

"गिरडच्या लग्नातला केक उभा पोचला तं खोली सुनेची. आडवा झाला तं हेमराजचे पोते."

केक तीन मजली आणि गाडीचा तळ खालीवर. सपाट आधार हवा म्हणून माझी निवड झाली. निघायच्या सकाळी अनुसयाबाईंनी मला धुतले, पुसले, वाटीभर जवसाचे तेल चोळले आणि हळदकुंकू लावले. "लग्नाले चालला माहा पाट," त्या म्हणाल्या. किती वर्षांनी कोणी माझ्या अंगावरून हात फिरवला होता! मी असा हुरळलो की जवळचा सगळा संशय एकट्या हेमराजसाठी राखून ठेवला.

थंडीचे दिवस होते, त्यामुळे क्रीम वितळायची भीती नव्हती. भीती होती ती रस्त्याची आणि हेमराजची. समीक्षा मागे माझ्याजवळ मांडी घालून बसली, एक हात केकखालच्या पुठ्ठ्यावर ठेवून. हेमराजने गाडी इतकी हळू चालवली की मला जास्तच शंका आली. एरवी हा माणूस बैलगाडीलाही हॉर्न वाजवतो. वाटेतल्या जाम गावात तर त्याने गाडी पंक्चरच्या दुकानाशी थांबवली, खाली उतरला आणि चाकांतली हवा सोडू लागला. झाले, म्हटले, आता उघडा पडला!

"भाऊजी, हे काय करून राह्यले?" समीक्षा ओरडली.

"हवा कमी करून राह्यलो, वयनी. टाईट चाक लय उसळते."

"मले विचाराचं तं होतं!"

"विचारलं असतं तं तुम्ही नाई म्हटलं असतं."

गाडी खरोखर मऊ चालू लागली. तरी मी काही मानले नाही. गिरड जवळ आले. एका गतिरोधकावर गाडी हलकेच चढली, हलकेच उतरली, आणि माझ्या अंगावरून केक सरकला. समीक्षाने दोन्ही हात आडवे घातले. तरी एक बाजू पत्र्याला घासली आणि साखरेची दोन फुले गळाली.

हेमराजने गाडी कडेला घेतली. मागे येऊन त्याने माझ्यावर बोट फिरवले, नाकाशी नेले.

"याले तेल कोनं लावलं?"

"आईनं. लग्नाले चालला म्हणून."

मग हेमराजने बियाण्याचे रिकामे पोते पाणी शिंपडून ओले केले. समीक्षाने एका बाजूने आणि त्याने दुसऱ्या बाजूने पुठ्ठा उचलला. त्याने गुडघा माझ्या कोपऱ्यावर रेटला, दातांत धरलेले पोते माझ्यावर सोडले आणि पायाने सरळ केले. माझा एक पाय कडकन तडकला. पण त्या खरखरीत पोत्यावर केक असा बसला, की पुढे तसूभरही हलला नाही.

"भाऊजी, पडला असता तं खोली तुमची होती," समीक्षा हळूच म्हणाली.

"होती ना. पन गाडी मलेच धुवा लागली असती."

मांडवात समीक्षाने घासलेली बाजू भिंतीकडे केली. नवरीचे वडील अण्णाजी चष्मा सावरत आले.

"अंडं तं नाई ना यात, पोरी?"

"नाई जी."

"मग एवढा उंच उभा कसा राह्यला?"

"पोत्याच्या भरोशावर," हेमराज म्हणाला.

घरी आल्यावर अनुसयाबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "म्या तेल लावलं म्हणून सुखरूप पोचला!" समीक्षा भांडी घासायला वळली आणि हेमराज चाकांत हवा भरायला गेला.

मित्रांनो, जुन्या लाकडाला तेल जरूर लावा, पण ते मुरू द्या, आणि कामाच्या दिवशी तर लावूच नका. कोणावर संशय घ्यायचा झालाच, तर आधी आपण कोणाच्या कौतुकाने हुरळलो आहोत तेही बघा. मी बघितले नाही. आता मी ओसरीत पडून आहे, शेजारी हेमराजची पोती प्लास्टिक पांघरून बसली आहेत. त्याची खोली गेली. माझा पाय गेला. समीक्षाची दोन फुले गेली. आणि अनुसयाबाईंचे? वाटीभर तेल.