ताफ्यातली जागा

वाळवंटातल्या लोडवार गावच्या गॅरेजात मेकॅनिक एवोईने पिकअपचा एअर फिल्टर आपटला, तशी ओंजळभर धूळ सांडली. गाडीवाला लोक्वांग थकून जुन्या टायरवर बसला होता.

"हा चकचकीत फिल्टर घे. इंजिन सिंहासारखं गरजेल."

"मला शिकार नाही करायची. ताफ्यात पुढच्या गाडीच्या धुळीने गाडी गुदमरून चढावर बंद पडते, ते बघ."

"मग पुढच्या गाडीपासून लांब राहा ना, भाऊ!"

"ताफ्यातून मागे पडलो की लुटारू गाठतात. माझा मेहुणा असाच गेला."

मग एवोईने गाडीच्या छताच्या उंचीवरची स्वच्छ हवा ओढणारी लांब नळी आणली.

"हीच बसव," लोक्वांग डोळे मिटत म्हणाला. "आणि सावकाश बसव, तेवढीच झोप मिळेल."