हिवाळा नसलेल्या गावातली हिवाळी चटई

मित्रांनो, सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर अरुणाकाकू राहतात. त्यांच्या बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीखाली हिरवं, चौकोनी, मधोमध झिजलेलं काहीतरी दिसतं. ती मी. वहीएवढी, प्लॅस्टिकच्या गवताची एक जुनी चटई. रोज सकाळी काकू स्नान करून तुळशीला पाणी घालतात, ते झिरपत झिरपत माझ्यावर येतं. ते गार आहे की कोमट, हे मला कळत नाही. आता फारसं काही कळतच नाही म्हणा.

माझा जन्मच मार खाण्यासाठी झाला. गोल्फच्या मैदानात मधोमध कापलेल्या गवताची वाट असते, तिला फेअरवे म्हणतात. तिथे पडलेला चेंडू मारला की चेंडूबरोबर गवताचा तुकडाही उडतो. एरवी ती जखम भरून येते. पण थंड देशांत हिवाळ्यात गवत वाढत नाही, म्हणून तिथले क्लब तेवढ्या दिवसांपुरते नियम बदलतात. चेंडू उचलायचा, पुसायचा, चटईवर ठेवायचा आणि चटईवरूनच मारायचा. स्पर्धाही आखूड करतात. गवताला तेवढाच विसावा.

आता सिंगापूरला कसला आलाय हिवाळा! पण डिसेंबर-जानेवारीत इथे पाऊस असा लागून राहतो की जमीन नुसती लोणी होते. एका क्लबचा दहावा फेअरवे दोन वर्षं अशाच पावसात टकला झाला होता. तिथल्या गवताची देखभाल दीप्ती करायची. अकोल्याकडची मुलगी, शेतकीची पदवी घेतलेली. तिचा करार जानेवारीत संपणार होता, आणि करार संपला की सिंगापुरात राहण्याचा पासही संपणार होता. तिला क्लबच्या कमिटीसमोर उभं केलं, तेव्हा तिने थंड देशांतला तो नियम मागितला.

सगळे हसले. एक जण म्हणाला, "विंटर रूल? देन मस्ट वेअर स्वेटर ऑल्सो, इज इट?"

कमिटीत पद्माकरकाका होते. आमच्या अरुणाकाकूंचे यजमान. वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ते उठून म्हणाले, "मुलगी बरोबर सांगतेय. गवत तिला कळतं, आपल्याला नाही." त्यांच्या शब्दावर नियम झाला. दोन महिने चटई सक्तीची. सखल भागातले चार होल बंद, स्पर्धा अठराऐवजी चौदाच होलची. खेळाडूंच्या छोट्या गाड्या गवतावरून नाही, फक्त रस्त्यावरून.

मग चटयांचं खोकं आलं आणि त्यातून मी काकांच्या वाट्याला आले. काकूंनी परकराच्या जुन्या नाडीचा तुकडा ओवून मला बॅगेला बांधलं. पहिला फटका बसला तेव्हा मी हादरले. विसावा फटका बसला तेव्हा काही वाटलं नाही. माझ्याखालचं गवत मात्र शाबूत होतं. कुणी कौतुक केलं नाही. दीप्ती मात्र एकदा मला उलटून पाहून म्हणाली होती, "छान काम करतेस गं."

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी स्पर्धा होती. काका सगळ्यांच्या पुढे होते. दहाव्या फेअरवेवर आले तेव्हा ढग खाली उतरले होते, सगळ्यांना घाई होती. काकांनी चेंडू उचलला, पुसला, आणि गवतावरच ठेवला. पाच वर्षं पावसात असाच तर ठेवत आले होते; चटई यंदाची. मी बॅगेला लोंबकळत पाहत राहिले. फटका बसला. तळहाताएवढा गवताचा तुकडा उडाला.

त्यांचे सोबती तान म्हणाले, "नेव्हर माइंड लाह. रेन कमिंग, नोबडी सी."

पण कडेला दीप्ती होती, उखडलेल्या जागा बुजवायला वाळूत बी कालवून भरलेली बादली घेऊन. ती अगदी हळू म्हणाली, "काका, चटई."

"अरेच्चा! अगं, सवय."

"हो काका. पण दोन फटक्यांचा दंड लागतो."

"तू मला शिकवणार? तुझा नियम मीच पास करून घेतलाय, बाई."

"म्हणूनच सांगते. तुम्हीच नाही पाळला, तर ते स्वेटरवाले कशाला पाळतील?"

काकांनी कार्डावर दोन फटके वाढवले. गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो; काका एका फटक्याने हरले. कप तानना मिळाला.

जानेवारीत कमिटीची बैठक झाली. त्या दुपारी काकूंनी मला धुऊन बाल्कनीत वाळत घातलं होतं. काका घरी आले आणि बूट न काढताच बसले.

"दीप्तीचं काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"दहाव्यावर अजून पिवळे डाग आहेत. ती मार्चपर्यंत वेळ मागत होती. कमिटीने नाही दिला, करार संपवला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"विरोध केलात?"

"नाही गं. काहीच बोललो नाही."

काकू देवासमोरची वात सारखी करत होत्या. त्या थांबल्या. मग बाहेर आल्या, माझी नाडी सोडली आणि मला तुळशीखाली सरकवलं. त्यानंतर जणू काका घरात नाहीतच, अशा त्या वागल्या. स्वयंपाक, पाणी, सगळं वेळच्या वेळी. पण बोलणं एकच. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की विचारायच्या, "दीप्तीला फोन केलात?"

"उद्या करतो."

मार्चमध्ये दहावा फेअरवे हिरवागार झाला, हे काकांनीच सांगितलं. काकूंनी विचारलं, "फोन केलात?" दीप्ती तेव्हा अकोल्याला परतून महिना उलटला होता.

परवा पुन्हा डिसेंबर लागला. नियम पुन्हा लागू झाला, आता कुणी हसत नाही. काका मला न्यायला आले. कुंडी उचलली. माझ्या मधोमध फटक्यांनी केस झडून उघडी पडलेली जागा होती, तिच्याकडे ते पाहत राहिले. मग कुंडी खाली ठेवून त्यांनी फोन लावला.

"जय भीम, काका," पलीकडून आवाज आला.

"दीप्ती, अगं मी त्या दिवशी..."

तिनेच विचारलं, "काका, दहाव्यावरचं गवत कसं आहे?"

"हिरवं आहे," काका म्हणाले. "तुझंच आहे."

काकूंनी तुळशीला पाणी घातलं. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही.

मित्रांनो, मी चटई. मार झेलणं हे माझं काम, आणि मला दुखत नाही. माणसाला दुखतं. तुमच्यासाठी कुणी खरं बोलून मार झेलत असेल, तर त्याच्या बाजूने एक शब्द बोला. आणि तो त्याच दिवशी बोला. मार्चमध्ये गवत येतं, पण तोवर माणूस निघून गेलेला असतो.